झोळीतली उत्तरं

३ मार्च, सोमवार

वही, माफ कर. तुझ्यातली शेवटची नोंद तीन वर्षांपूर्वीची आहे, आणि तीही अर्धवट. मधल्या काळात लिहिण्यासारखं काही घडलं नाही, असं आत्ता लिहिणार होते; पण ते खरं नाही. घडलं पुष्कळ, मीच टाळलं. आज मन हलकं आहे, तेव्हा पुन्हा सुरुवात.

नवं गाव, नवी नोकरी, नवं घर. घर म्हणजे शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. दिवसभर खालून मशीनची खडखड येते आणि सहाला बरोबर थांबते. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे, नळाला पाणी जोरात येतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी माणसाला आणखी काय हवं? सॉफ्टवेअरचं ऑफिस, चालत दहा मिनिटांवर. पाच माणसं, पाच टेबलं, एक पंखा जो फक्त साहेबांच्या दिशेने फिरतो. सगळ्यांनी उभं राहून माझं स्वागत केलं. (सगळ्यांनी नाही. साहेब फोनवर होते.)

इथे येण्याचं कारण आत्या. मी आईबाबांची एकुलती एक मुलगी. सात वर्षांची असताना दोघंही एकाच अपघातात गेली. आत्याने मला उचलून आणलं, ते आजतागायत खाली ठेवलेलं नाही. तीस वर्षं ती टपालाच्या वर्गवारीत होती, पत्रं पत्त्याप्रमाणे खणांत टाकायची. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला एकटं ठेवता येईना आणि जागा मिळाली ती फक्त इथल्या वृद्धनिवासात. मग मीही तिच्यामागून आले. ऑफिसचं सर्वांत मोठं काम याच निवासाचं आहे. नोकरीची जाहिरात मी तिथल्याच सूचनाफलकावर वाचली.

काल तिला हे सांगितलं, तर म्हणाली, शहाणे, मला सांभाळायला आलीस की माझ्यावर पाळत ठेवायला?

५ मार्च, बुधवार

काम समजलं. निवासातल्या प्रत्येकाला एक नंबर आहे आणि त्या नंबरचं एक पान. तिथल्या सेविका रोज त्यावर चार ओळी लिहितात: काय खाल्लं, झोप कशी झाली, काय बोलले. घरचे लोक आपापल्या गावाहून ते पान उघडून वाचतात. पान उघडलं की त्याचा पत्ता, म्हणजे यूआरएल, आमच्या सर्व्हरवर येतो. कुठल्या पत्त्याला जावा कोडमधल्या कुठल्या मेथडने, म्हणजे कुठल्या तुकड्याने, उत्तर द्यायचं, हे मॅपिंगमध्ये ठरवून दिलेलं असतं. आत्याच्या खणांसारखंच. पत्ता कुठल्याच खणात बसला नाही, तर सर्व्हरने चारशेचार द्यायचं. म्हणजे, 'सापडले नाही'.

आज पहिली तक्रार माझ्या वाट्याला आली. सतरा नंबरच्या आजोबांच्या मुलाची. आजोबांचे दात काढलेत, चार दिवस ते फक्त पातळ पदार्थ घेताहेत, तसं त्यांनी स्वतः फोनवर सांगितलं. आणि पानावर मात्र चारही दिवस 'नाश्ता पूर्ण'. आमच्यातले सर्वांत जुने ते दादा. पोट सुटलेलं, खिशात कायम एक संत्रं. तक्रार माझ्या टेबलावर ठेवत ते म्हणाले, घ्या, झालं तुमचं उद्घाटन.

तासाभरात सापडलं. मुलगा ज्या लिंकवरून पान उघडतो, तिच्या शेवटी एक जादा स्लॅश, म्हणजे तिरकी रेघ, आहे. सर्व्हरवरच्या जुन्या सॉफ्टवेअरला, म्हणजे फ्रेमवर्कला, तो चालायचा. गेल्या महिन्यात नवी आवृत्ती बसवली, तिला स्लॅशसकट पत्ता हा वेगळाच पत्ता वाटतो. ते जुळवून दिलं. आजोबांचं खरं पान लगेच दिसू लागलं: 'दोन वेळा सूप. दुखतं म्हणून चिडचिड.' मुलाने आभार मानले.

घरी येताना मात्र एक प्रश्न पायात घोटाळत राहिला. पत्ता जुळत नव्हता, तर 'सापडले नाही' यायला हवं होतं. नाश्त्याची बातमी आली कुठून?

६ मार्च, गुरुवार

मिळालं उत्तर. मॅपिंगच्या यादीत सर्वांत तळाला एक मेथड आहे. तिचा पत्ता म्हणजे नुसती एक तिरकी रेघ आणि दोन तारे. अर्थ असा, की जे कुठेच बसत नाही ते सगळं इथे. ऑफिसात तिला झोळी म्हणतात. झोळीत काही पडलं की ती आजची तारीख घालते आणि तीन ठरलेल्या ओळी देते: 'नाश्ता पूर्ण. दुपारी थोडी झोप. मूड चांगला.'

झोळी दादांनीच लिहिली. चार वर्षांपूर्वी एकदा सर्व्हरने गडबड केली आणि एका बाईंना आपल्या आईच्या पानावर 'सापडले नाही' असं दिसलं. त्यांनी त्याचा भलताच अर्थ घेतला, धावत सुटल्या आणि जिन्यावरून पडल्या. तेव्हा साहेबांनी फतवा काढला, की आपल्या पानांवर ते दोन शब्द पुन्हा कधीही दिसता कामा नयेत.

मी म्हटलं, पण हे खोटं आहे. दादा संत्रं सोलत म्हणाले, अहो ताई, म्हातारी माणसं आणखी काय करतात दिवसभर? खातात, झोपतात. दहातल्या नऊ दिवशी खरंच असतं ते.

आणि दहाव्या दिवशी? हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. चौथ्याच दिवशी वाद नको म्हणून गप्प बसले. ही माझी जुनी खोड.

९ मार्च, रविवार

आत्याकडे. दुसरा मजला, खोली आणि पान दोन्हीचा नंबर बत्तीस. टोस्टचे दोन तुकडे तसेच ठेवले होते. मी बोलले, तर म्हणाली, खाऊन बघ म्हणजे चपलेला तळ कशाचा लावतात ते कळेल. तिच्या पानावर सेविकाही असंच लिहितात: 'टोस्ट परत पाठवला. स्वयंपाक्याला निरोप दिला, तो लिहिण्यासारखा नाही.' ते वाचून मला रोज हसू येतं आणि रोज बरं वाटतं.

तिला झोळीबद्दल सांगितलं. एकदम गंभीर झाली. म्हणाली, आमच्याकडे ज्याचा पत्ता लागत नाही त्या पत्रावर शिक्का मारून आम्ही ते पाठवणाऱ्याला परत करायचो. लोक रडायचे, भांडायचे. पण शिक्का मारायचोच. कोणाच्या तरी नावाने आपणच उत्तर लिहून पाठवलंय, असं कोणी केलं असतं तर मी त्याचा हात धरून त्याला बाहेर काढलं असतं.

मग माझ्याकडे बघून म्हणाली, तू काय केलंस? मी म्हटलं, बघते. म्हणाली, बघ हं. नुसती बघत बस.

१० मार्च, सोमवार

निवासात तापाची साथ. भेटी दहा दिवस बंद. साहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, की आता घरच्यांना आपल्या पानांचाच आधार आहे, पानं चोख चालली पाहिजेत. त्यात काही चूक नाही, तरी मला ते ऐकताना बरं वाटलं नाही.

आत्याचं पान: 'ताप नाही. दार बंद ठेवल्याबद्दल तक्रार. आम्हाला तुरुंगाधिकारी म्हणाल्या.' छान.

११ मार्च, मंगळवार

दादांना विचारून एक काम केलं. आलेल्या प्रत्येक पत्त्याला कुठल्या मेथडने उत्तर दिलं, हे लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, लिहिलं जाईल अशी सोय केली. सतराच्या आजोबांसारखे आणखी किती जण झोळीत पडताहेत ते कळेल, हा साधा हेतू.

संध्याकाळपर्यंत नऊ नंबर निघाले. लिंका तपासल्या. जादा स्लॅश नाही, लहानमोठ्या अक्षरांची चूक नाही, काही नाही. मग निवासाची यादी काढली. हे नऊही नंबर त्या यादीत नाहीत. मी दादांना विचारलं, ही माणसं घरी गेली का? दादा म्हणाले, गेली. मी म्हटलं, घरी? ते म्हणाले, ताई, गेली म्हणजे गेली.

तरीही ही नऊ पानं रोज सकाळी कोणीतरी उघडतं. त्यांना रोज उत्तर मिळतं. नाश्ता पूर्ण. मूड चांगला.

१२ मार्च, बुधवार

मी ती नऊ पानं स्वतः उघडून पाहिली. दुसऱ्यांची पानं वाचणं बरं नाही, पण दुरुस्तीसाठी वाचली, असं स्वतःला सांगितलं. पूर्ण खरं नाही ते. कुतूहल होतं.

तीन ओळी होत्याच. त्यांच्याखाली चौथीही होती. एकसष्ट नंबर: 'खिडकीशी बसून रस्ता पाहिला.' चौदा नंबर: 'मुलाला दोनदा हाक मारली.' अठ्ठावीस: 'चष्मा मागितला, कुणी दिला नाही.' प्रत्येकाची वेगळी.

झोळीत तीनच ओळी आहेत. मी मोजल्या. पुन्हा मोजल्या. ती मेथड अकरा ओळींची आहे, तिच्यात लपायला जागा नाही. डेटाबेसमध्ये ही वाक्यं शोधली, एकही मिळालं नाही. मधे दुसरा कुठला प्रोग्राम पान बदलतोय का, तेही पाहिलं. नाही.

म्हणजे कोणीतरी हे करतंय. कोण? साहेबांना कोड येत नाही. खिडकीजवळ बसणाऱ्या दोघा सहकाऱ्यांना निवासाच्या सर्व्हरचा पासवर्ड नाही. उरले दादा. आणि उरले मी. मॅपिंगला सर्वांत शेवटी हात माझाच लागलाय.

१३ मार्च, गुरुवार

आज मुद्दाम लवकर गेले. दादा आधीच बसलेले होते. मी आत शिरले आणि त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा झटकन बंद केला. पण मी पाहिलं होतं. झोळीत पडणाऱ्यांपैकीच एक, नऊ नंबरचं पान.

मी माझ्या टेबलाशी बसले. थोड्या वेळाने तेच खुर्ची ओढत आले. म्हणाले, नऊ नंबर माझी आई. दोन वर्षं झाली. सवय म्हणून एके सकाळी पान उघडलं, माझ्याच तीन ओळी आल्या. हसलो स्वतःला. पुढच्या सकाळीही उघडलं. गेल्या वर्षी एका दिवशी चौथी ओळ आली. 'लेकाने स्वेटर घातला का विचारलं.' ताई, मी त्या दिवशी स्वेटर घातला नव्हता.

मी विचारलं, मग तुम्ही याचा माग का नाही काढला? तुम्हाला तर माझ्यापेक्षा जास्त येतं. ते संत्र्याची साल बारीक बारीक तोडू लागले. म्हणाले, काढला असता. आणि बंद पडलं असतं तर?

त्यांच्यावर संशय घेतल्याची लाज वाटली. मग वाटलं, ही लाजच त्यांना हवी असेल तर? मी अशी कधी झाले?

१४ मार्च, शुक्रवार

सकाळी अकरा वीस. लॉगमध्ये दहावा नंबर झोळीत पडला.

बत्तीस.

पान उघडलं. 'नाश्ता पूर्ण. दुपारी थोडी झोप. मूड चांगला.' सकाळी अकराला दुपारची झोप.

आधी स्वतःचीच चूक शोधली. बत्तीस यादीत आहे. पत्ता अचूक आहे. एकतीस आणि तेहतीस नेहमीच्या मेथडकडे जाताहेत, त्यांना नीट उत्तर मिळतंय. नियम असा, की नेमका पत्ता लिहिलेली मेथड आधी, झोळी सर्वांत शेवटी. बत्तीसला कोणीच घेतलं नाही, म्हणून तो झोळीत गेला. कोणीच का घेऊ नये? मी लॉगसाठी घातलेला कोड तात्पुरता काढून पाहिला. सर्व्हर बंद करून चालू केला. तेच.

निवासात फोन केला. सिस्टर म्हणाल्या, अगदी ठीक आहेत तुमच्या आत्या. नाश्ता पूर्ण केला, दुपारी थोडी झोप झाली, मूड चांगला आहे. मी विचारलं, तुम्ही स्वतः पाहिलंत का? त्या म्हणाल्या, मजल्यावर आम्हाला जायला मनाई आहे हो, तापामुळे. मग कशावरून सांगताय? त्या म्हणाल्या, अहो, तुमच्याच पानावर लिहिलंय की.

जी सेविका आत जाते तिच्याशी बोलू द्या म्हटलं. ती कामात होती. आत्याला फोन द्या म्हटलं. झोपल्या आहेत, म्हणाल्या.

आत्याने आयुष्यात कधी नाश्ता पूर्ण केलेला नाही.

१५ मार्च, शनिवार

निवासाच्या फाटकापर्यंत गेले. पहारेकऱ्याने आत सोडलं नाही. त्याची चूक नाही, नियमच आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या बत्तीसच्या खिडकीचा पडदा ओढलेला. मी खालून हाक मारली. पडदा हलला नाही. पहारेकरी म्हणाला, ओरडू नका बाई, आतली माणसं आजारी आहेत. मग कीव येऊन त्याने खिशातून फोन काढला आणि आत्याचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. बघा. मूड चांगला. आता जा घरी.

पानावर चौथी ओळ आली होती.

'भाचीने हाक मारली ती ऐकली.'

मी हाक मारून पाच मिनिटंही झाली नव्हती.

१७ मार्च, सोमवार

साहेबांकडे गेले. सगळं नाही सांगितलं. एवढंच म्हटलं, की झोळी काढून टाकायला हवी, ती चुका लपवते. हे खरंच आहे. कुठल्याही शिकलेल्या माणसाला पटेल. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, उद्या पन्नास घरांत 'सापडले नाही' दिसलं तर त्यांना तोंड तुम्ही देणार का? साथीच्या दिवसांत? ते म्हणाले, तुमच्या आत्या बऱ्या आहेत असं वाचलं मी.

त्यांनी कशाला वाचलं?

काय झालं असेल, याचा मी नीट विचार करायचं ठरवते. एक: आत्या बरी आहे आणि मॅपिंगमध्ये मला न दिसणारी चूक आहे. दोन: आत्या गेली आहे आणि साथीच्या गोंधळात ते लपवताहेत. तीन... तिसरं लिहीत नाही. त्याला नाव देता येत नाही.

एक किंवा दोन. झोळी काढली की कळेल. पान म्हणेल सापडली, नाहीतर म्हणेल सापडली नाही. मला फक्त तेवढंच हवंय. ते दोन शब्द आले तरी चालतील. रडेन. पण शिक्का तरी मारलेला असेल.

१८ मार्च, मंगळवार

एक वाजता सगळे जेवायला उठले तेव्हा केलं. झोळीची मेथड अख्खी पुसली. सर्व्हर पुन्हा चालू केला. मुद्दाम एक वेडावाकडा पत्ता टाकून पाहिला: 'सापडले नाही.' चार वर्षांनी आमच्या सर्व्हरने पहिल्यांदा खरं सांगितलं. बरं वाटलं.

मग बत्तीस.

'नाश्ता पूर्ण. दुपारी थोडी झोप. मूड चांगला. आज कुणीतरी दार लावून घ्यायला आलं होतं.'

लॉग पाहिला. पत्ता आहे, वेळ आहे, उत्तर यशस्वी अशी नोंद आहे. कुठल्या मेथडने उत्तर दिलं, तिथे काहीही नाही. रिकामी जागा.

नऊ उघडला. चौदा. एकसष्ट. सगळे बोलत होते. सगळ्यांच्या पुढे तीच रिकामी जागा.

मी झोळी परत जागेवर ठेवली. तिला घाबरून नव्हे. या पानांना झोळी कधीच उत्तर देत नव्हती, हे कळल्यावर ती असली काय, नसली काय. दादा जेवून आले आणि मी काही बोलायच्या आतच म्हणाले, आईने आज विचारलं, नव्या बाई कोण आल्यात?

१९ मार्च, बुधवार

भेटी उद्यापासून सुरू. सिस्टरांचा फोन आला. त्या म्हणाल्या, तुमच्या आत्या वाट बघताहेत. मी विचारलं, पानावर आहे का तसं? त्या हसल्या. हसल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत.

लॉगमध्ये रिकाम्या जागेचे नंबर आज चोवीस.

२० मार्च, गुरुवार

आत्या जिवंत आहे. हे आधी लिहिते, कारण हेच खरं आहे, आणि याच्यापुढचं लिहिताना मला माझाच भरवसा नाही.

खुर्चीत बसली होती, खिडकीशी. केस विंचरलेले. समोर बशी स्वच्छ. मी जाऊन गळ्यात पडले. अंग ऊबदार होतं. मी म्हटलं, आत्या, किती घाबरले होते मी. ती म्हणाली, नाश्ता पूर्ण केला.

खुबा दुखतो का? मूड चांगला आहे. मला ओळखलंस ना? भाचीची वाट पाहिली. टोस्ट कसा होता? छान होता.

एकदाही शहाणे म्हणाली नाही.

म्हातारपण असेल. तापानंतर होतं असं. सिस्टरही तेच म्हणाल्या. मी मान हलवली. पण माझ्या कामात एक साधी रीत आहे: बरोबर पत्ता टाकून जे कळत नाही, ते चुकीचा टाकून कळतं. जो पत्ता अस्तित्वातच नाही, तो द्यायचा. 'सापडले नाही' आलं तर समजायचं की पलीकडे खरोखर कोणी शोधतंय.

मी विचारलं, आत्या, धाकटा कसा आहे गं?

मला धाकटा भाऊ नाही. कधीच नव्हता. माझ्या आत्याने माझ्या तोंडाकडे बघून म्हटलं असतं, कोण धाकटा? डोकं फिरलं का तुझं? मला ते बोलणं किती हवं होतं. आयुष्यात कधी कोणाकडून शिवी खायला इतकी आतुरले नव्हते.

तिने किंचित मान तिरकी केली. पान उघडायला लागतो तेवढाच वेळ.

म्हणाली, बरा आहे. शनिवारी येतोय. अकराच्या गाडीने.

आणि माझा हात थोपटला. अगदी तिच्यासारखाच.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळी दादा म्हणाले, धाकटे बंधू येताहेत म्हणे. कधी बोलला नाहीत. मी विचारलं, कोणी सांगितलं? आईने —

बत्तीस : 'भाचा येणार म्हणून खूश.'

सत्तावन्न रिकाम्या जागा. म्हणजे निवासात आता जेवढे आहेत ते सगळे, आणि गेलेले नऊ. साहेब सगळ्यांना म्हणाले, या आठवड्यात एकही तक्रार नाही.

चार वाजता फोन. पुरुषाचा आवाज. म्हणाला, ताई, सामान बरंच आहे गं, स्टेशनवर ये. मी विचारलं, कोण बोलतंय? तो हसला. म्हणाला, असं काय करतेस —

मी ठेवून दिला.

मला भाऊ नाही. कालच्या नोंदीत मीच लिहिलंय. तो मी बनवला, काल, खिडकीशी, एका प्रश्नापुरता. मी विचारलं म्हणून त्याला — म्हणजे मीच त्याला पत्ता —

पुन्हा वाचलं. अक्षर माझंच आहे. मग त्याचे लहानपणचे बूट मला का आठवताहेत? निळे. डाव्याचा बंद तुटका. आत्याने आम्हाला बसमधून आणलं तेव्हा तो माझ्या मांडीवर — आम्हाला नाही. मला. मला आणलं. मी एकटी होते, शेजारची जागा रिकामी —

रिकामी होती का? त्याला झोप लागली होती, डोकं इथे, माझ्या खांद्यावर — हे विसरायच्या आत लिहून ठेवायला हवं, की मला कोणी — त्याचं नाव मला —

उद्या : धाकट्याला अकराच्या गाडीवरून घेऊन येणे.